तोतया आणि त्याचे साक्षीदार

यंदा श्रावणात पंधरा दिवस वेल्ह्यास राहण्याचा योग आला. वेल्हे हे माझे आजोळ. तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला असला, तरी एस. टी.च्या थांब्यावर आणि बाजारात माणसे अजून वेल्हेच म्हणतात. मीही या लेखात तसेच म्हणणार आहे. पावसामुळे बाहेर पडणे कठीण, म्हणून बरोबर नेलेल्या चार पुस्तकांवरच दिवस काढावे लागले. त्यांत नरसिंह चिंतामण केळकर यांचे १९१३ सालचे 'तोतयाचे बंड' हे नाटक होते. ऐतिहासिक नाटकांवर वर्गात व्याख्याने देताना या नाटकाचा उल्लेख मी आजवर किती वेळा केला असेल याची गणती नाही. परंतु या खेपेस पहिल्या अंकापर्यंत जाण्यापूर्वीच, मुखपृष्ठावरील दोन शब्दांपाशीच मी अडलो.

'बंड' हा शब्द सरकारी दफ्तरातला आहे. ज्याच्या विरुद्ध लोक उठतात तो त्या उठण्यास बंड म्हणतो. उठणारे तसे म्हणत नाहीत. इ. स. १७७६ साली कोकणातून जी हजारो माणसे त्या मनुष्याच्या निशाणाखाली घाट चढून आली, ती आपण बंड करीत आहो असे समजत नव्हती. पानिपतावर हरवलेला धनी परत आला आहे आणि आपण त्यास त्याच्या घरी पोचवीत आहो, अशी त्यांची समजूत होती. 'तोतया' हा दुसरा शब्द तर निकालपत्रच आहे. तो उच्चारला की चौकशी संपली. म्हणजे पडदा वर जाण्यापूर्वीच प्रेक्षकास सर्व काही ठाऊक झालेले असते, आणि उरलेले नाटक तो सुरक्षित जागी बसून पाहतो.

यात केळकरांचा विशेष दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. झालेल्या गोष्टीचा शेवट इतिहासकारास व नाटककारास आधीच माहीत असतो, आणि तो लपवावा असे कोणी त्यांस सांगितलेले नाही. परंतु फसवणूक ही एक अशी वस्तू आहे की, ती शेवटाकडून वाचली असता तिच्यात समजण्यासारखे काही उरत नाही. शेवटाकडून पाहता फसवणारा तेवढा धूर्त आणि फसणारे तेवढे मूर्ख दिसतात. आपल्या वाङ्मयाने या विषयाचा जो विचार केला आहे तो बहुतांशी असा शेवटाकडून केलेला आहे, आणि म्हणूनच तो अपुरा आहे, हे मला येथे दाखवावयाचे आहे.

एका उघडिपीच्या दिवशी मी तोरण्यावर गेलो. वय पन्नाशीच्या पुढे, तेव्हा 'गेलो' यापेक्षा 'नेला गेलो' हेच खरे. मेंगाई देवीच्या देवळापाशी धुके फाटले, आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्याखाली उतरत गेलेले कोकण व पूर्वेस डोंगरांच्या ओळीमागे पुरंदर, अशा दोन्ही बाजू थोडा वेळ दिसल्या. १७७६ च्या शरद ऋतूत या दोन बाजूंमध्येच तो खेळ झाला. खाली कोकणात एक मनुष्य आपण सदाशिवरावभाऊ आहो असे म्हणत किल्ल्यामागून किल्ले घेत होता, आणि वर पुरंदरावर नाना फडणीस व सखारामबापू एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने राज्य चालवीत होते.

ज्यांस हा इतिहास विसरला असेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेब पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्यांचे प्रेत सापडल्याची व त्यास अग्नी दिल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. परंतु ती उत्तरेत. दक्षिणेत जी पहिली बातमी आली ती एका सावकारी पत्रातून आली, आणि त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. गळालेली मोत्ये व हरवलेल्या मोहरा यांच्या हिशेबाची भाषा होती. महाराष्ट्रास आपल्या सेनापतीचा मृत्यू असा कोड्यातून कळला. पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत एक मनुष्य आपण भाऊसाहेब असे सांगत बुंदेलखंडाकडे फिरू लागला. त्यास पकडून चौकशी झाली. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला. त्यास देहान्त न देता किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले, आणि अखेर तो रत्नागिरीस आला. तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने १७७६ साली त्यास मोकळे केले व त्याचा पक्ष घेतला. पाहता पाहता कोकणातील बहुतेक किल्ले त्याच्या हाती गेले. ग्रँट डफ त्याच्या फौजेचा आकडा २० हजार देतो. ही फौज बोरघाट चढून वर आली तेव्हा महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी तिचा मोड केला. तोतया समुद्राकडे पळाला, कुलाब्यास रघूजी आंग्र्याने त्यास धरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्यास देहदंड झाला.

आता या हकीकतीतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट कोणती? त्या मनुष्याचे धाडस खास नव्हे. धाडसी माणसे प्रत्येक काळी असतात. चमत्कारिक गोष्ट ही की, त्याचा पहिला मोठा साक्षीदार त्याचा तुरुंगाधिकारी होता. हा मनुष्य खोटा ठरून आपल्या ताब्यात आलेला आहे हे ज्या एका अधिकाऱ्यास कागदोपत्री ठाऊक होते, त्यानेच त्यास खरा म्हटले. परांजपे मूर्ख होता असे म्हणून हे कोडे सुटत नाही. मूर्ख माणसास सुभा मिळत नाही. निदान नानांच्या हाताखाली फार काळ टिकत नाही.

परांजप्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे निराळे दिसते. नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षे झालेली. गादीवर एक अर्भक. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास. त्याच वर्षी १ मार्चला इंग्रजांशी पुरंदरचा तह झालेला, आणि त्या तहाने कोणाचेच समाधान नाही. पुण्याचा हुकूम आज एकाचा, उद्या कोणाचा, याची शाश्वती नाही. अशा वेळी दूर समुद्रकाठच्या सुभेदारास वाटावे की एखादा निर्विवाद धनी असता तर! आणि तो धनी आपल्याच कैदखान्यात आहे असे कोणी सांगावे! हे खरे असेल तर परांजपे हा एक सामान्य सुभेदार न राहता राज्याचा उद्धारकर्ता ठरणार होता. त्याने त्या कैद्याची परीक्षा केली असेल, परंतु ती करताना निकाल काय यावा हे त्याच्या मनाने आधीच ठरविलेले होते, असे मला वाटते.

आणि पहिला किल्ला पडल्यावर पुढचे सोपे होते. दुसऱ्या किल्लेदारापुढे प्रश्न 'हा भाऊसाहेब आहे काय' हा नव्हताच. रत्नागिरीच्या सुभेदाराने, ज्याच्याजवळ तो कैदेत होता त्याने, त्यास खरा मानले. मग मी कोण शंका घेणारा, असा त्याचा विचार. तिसऱ्याजवळ दोन साक्षीदार होते, दहाव्याजवळ नऊ. यांपैकी प्रत्येकजण मागच्याच्या विश्वासावर विसंबलेला, आणि सर्वांच्या मुळाशी एका माणसाची इच्छा. फार काय, सरकारची दयासुद्धा तोतयाच्या कामी आली असेल. खोटा होता तर पेशव्यांनी त्यास इतकी वर्षे जिवंत का ठेवला, असे कोकणातल्या एखाद्या शहाण्या गृहस्थाने विचारले असल्यास त्यास उत्तर देणे सोपे नव्हते.

'दिसते तसे नसते म्हणून जग फसते' ही आपली म्हण प्रसिद्ध आहे. मला ती या प्रकरणापुरती चुकीची वाटते. ती सर्व दोष डोळ्यांवर टाकते. सुखनिधानाच्या चेहऱ्यात भाऊसाहेबांच्या चेहऱ्याचे साम्य होते असे सांगतात, असेल. परंतु कोकणातल्या त्या वीस हजारांपैकी किती जणांनी भाऊसाहेबांस प्रत्यक्ष पाहिले होते? ज्यांनी पाहिले होते त्यांच्याही दृष्टीआड ते पंधरा वर्षे होते. साम्य कशाचे कशाशी? डोळ्यांनी येथे कोणास फसविले नाही. डोळ्यांस येथे विचारलेच नव्हते.

या सर्व प्रकरणात एक व्यक्ती अशी आहे की, तिच्याबद्दल लिहिताना लेखणी सांभाळून धरावी लागते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून परत आल्या, आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे टाकली नाहीत. पतीचे प्रेत त्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्या कपाळावरचे कुंकू हा त्या काळातील पुण्याचा सर्वांत मोठा उघडा प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्यांच्या देखत कोणी विचारीत नव्हते. नाटककारांस व कादंबरीकारांस त्यांचे आकर्षण वाटावे हे साहजिक आहे. परंतु बहुतेकांनी त्यांची निष्ठा तेवढी पाहिली. मला दिसते ते असे की, तोतयाने भाऊसाहेब निर्माण केला नाही. भाऊसाहेबांची रिकामी जागा पार्वतीबाईंच्या कुंकवाने, सरदारांच्या असमाधानाने आणि एका सबंध पिढीच्या शोकाने आधीच राखून ठेवलेली होती. कोणीतरी येऊन बसणार होते. पार्वतीबाईंनी त्यास कधी आपले म्हटले नाही. तरीही त्यांच्याइतका त्याच्या उपयोगी दुसरा कोणी पडला नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

इंग्लंडातील टिचबोर्न खटल्याशी या प्रकरणाची तुलना पूर्वी कोणी केली असल्यास माझ्या पाहण्यात नाही. रॉजर टिचबोर्न नावाचा श्रीमंत घराण्यातील तरुण १८५४ साली जहाजासह समुद्रात नाहीसा झाला. त्याच्या आईने आशा सोडली नाही. तिने वृत्तपत्रांतून जाहिराती दिल्या. ऑस्ट्रेलियातील वागा वागा या गावच्या एका खाटकाने 'मीच तो' असे कळविले. रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला, फ्रेंच ही त्याची बालपणाची भाषा. या मनुष्यास फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. रॉजर सडपातळ होता, आणि हा अगडबंब. तरी १८६७ साली पॅरिस येथे आईने त्यास पाहताच आपला म्हटले. पुढे दीर्घ खटले चालून १८७४ मध्ये त्यास चौदा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा आई निवर्तून सहा वर्षे होऊन गेली होती. ठकाने येऊन तिचे दार ठोठावले नव्हते. तिनेच दार उघडून जाहिरात लावली होती. एवढ्यावरून 'आशा धरणारा नेहमी चुकतोच' असा सिद्धान्त मात्र कोणी काढू नये. बंगाल्यातील भवालचा राजकुमार १९०९ साली दार्जिलिंग येथे मेला असे धरले गेले. १९२१ साली एक संन्यासी 'मी तोच' म्हणून आला. त्याच्या बहिणीने त्यास ओळखले, पत्नीने नाकारले. १९३६ साली न्यायालयाने आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला तो त्या संन्याशाच्या बाजूने! या प्रकरणाने माझी भूमिका थोडी अडचणीत येते, पण ते गाळणे हे वकिलाचे काम झाले, टीकाकाराचे नव्हे.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. मराठी रंगभूमीवर लबाडांची वाण नाही. देवलांच्या 'शारदा' नाटकातला भद्रेश्वर दीक्षित हा माझ्या मते त्यांत सर्वांत चांगला वठलेला आहे, आणि त्याचे कारण असे की, देवलांनी त्याच्याइतकेच लक्ष त्याच्या गिऱ्हाइकांवर दिले. कांचनभटाचा लोभ आणि भुजंगनाथाची वासना या दोन खुंट्या घट्ट रोवलेल्या आहेत. दीक्षिताने त्यांवर दोरी ताणली, एवढेच. तो प्रत्येकास त्यास ऐकावेसे वाटते तेच सांगतो. परंतु देवलांनी दाखविलेली ही वाट पुढे फारशी कोणी चोखाळली नाही. नंतरचा भोंदू बुवा रंगभूमीवर आला तो दाढी लावून, आणि त्याचे भक्त आले ते तोंडे वेंगाडून. अत्र्यांचे 'बुवा तेथे बाया' घ्या. विनोद उत्तम, हेतू स्तुत्य. प्रेक्षक पोट धरधरून हसतो. परंतु तो हसतो तो दुसऱ्यास, आणि घरी जाताना आपण त्यांतले नाही अशी एक अधिकची खात्री घेऊन जातो. ठकास याहून चांगले गिऱ्हाईक कोणते मिळावे?

शब्दांचाही येथे विचार करण्यासारखा आहे. लबाड मनुष्यास आपण सहज 'भामटा' म्हणतो. तो मूळचा एका भटक्या जमातीच्या नावाचा शब्द. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. गावाबाहेरच्या पालात राहणाऱ्या उपाशी माणसाचे नाव आपण लबाडीस दिले, आणि गादीवर बसून, खुर्चीत बसून, शिक्का मारून केलेल्या लबाडीस आपल्या भाषेत तसा एक रोकडा शब्द नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने १९८७ साली या हिशेबाची दुसरी बाजू आपल्यापुढे ठेवली. उलट 'तोतया' हा शब्द मात्र आज चांगलाच कामास लागला आहे. तोतया पोलीस, तोतया अधिकारी, तोतया डॉक्टर रोजच्या वर्तमानपत्रात भेटतात. अलीकडे तर दूरध्वनीवरून 'तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे' असे सांगून शिकल्यासवरल्या माणसांस आपल्याच घरात कोंडून घालणारे व त्यांच्याकडून त्यांची आयुष्याची पुंजी उकळणारे निघाले आहेत. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. परंतु सरकारी आवाजात दरडावले की आपण आधी घाबरतो व मग विचार करतो, हे त्या लोकांनी ओळखले आहे. ते भय त्यांनी आपल्या मनात घातलेले नाही, ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख निर्वेध झाला असता. परंतु दुसऱ्यांच्या साक्षी तपासताना आपली साक्ष लपविणे बरे नव्हे.

तोरण्याची आणि धनाची कथा सर्वांस माहीत आहे. शिवाजीमहाराजांनी हा किल्ला घेतल्यावर डागडुजी करताना तेथे द्रव्य सापडले, आणि त्या द्रव्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. ही हकीकत उत्तरकालीन बखरींतून येते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ती घेतली, आणि तेव्हापासून ती शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. तिचा दुष्परिणाम असा की, या डोंगराळ मुलखात गुप्तधनाची गोष्ट निघाली म्हणजे कोणी ती हसण्यावारी नेत नाही. एकदा सापडले होते, हे पुस्तकात आहे! गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांस २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातली आहे. पण माझ्याकडे जो मनुष्य आला तो लिंबू व नारळ घेऊन आला नाही. तो कागद घेऊन आला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीचा, नीटनेटका, मोजके बोलणारा गृहस्थ. मावळातील एका जुन्या घराण्याचे दप्तर विकावयाचे आहे, त्यात शके १५६८ चा, म्हणजे तोरणा घेतला त्या सुमाराचा, द्रव्य सापडल्याचा उल्लेख असलेला एक मोडी कागद आहे, असे त्याने सांगितले व छायाचित्र दाखविले. मला मोडी वाचता येते. त्याचा मला थोडा अभिमानही आहे. ज्या कथेस उत्तरकालीन बखरींचाच आधार, तिला समकालीन कागद मिळावा, आणि तो माझ्या हातून प्रसिद्ध व्हावा! मी वाचू लागलो. चौथ्या ओळीत 'छत्रपती' हा शब्द होता. १६४६ च्या सुमाराच्या कागदात छत्रपती! राज्याभिषेक १६७४ चा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक दाखविली असती तर मी त्याची पाठ थोपटली असती.

मला ती चूक तत्काळ दिसली, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मी वर मान करून त्या गृहस्थाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. मग मीच म्हणालो, "ही अस्सल नसून मागाहून केलेली नक्कल असावी. नकलकाराने आदराने पद घातले असेल." तो म्हणाला, "आपण म्हणता तसेच असेल, सर. आम्हांस यातले काय कळणार?" तो खुलासा त्याने मला दिला नव्हता, मी त्याला दिला होता. पंचवीस हजार रुपये इसार म्हणून मी त्याच दिवशी दिले. एक कागद त्याने माझ्याजवळ ठेवला, उरलेले दप्तर घेऊन येतो म्हणाला, आणि पुन्हा दिसला नाही. कागद पुढे एका जाणत्या मित्रास 'कोणाचा तरी' म्हणून दाखविला. त्याने भिंगही न लावता सांगितले की जुन्या वहीचे कोरे पान आहे, शाई मात्र आजची.

मी पोलिसांत गेलो नाही. ठक सुटतात कसे, असे आपण आश्चर्याने विचारतो, व कायद्याच्या पळवाटांवर आणि तपासाच्या ढिलाईवर बोट ठेवतो. ती कारणे आहेतच. परंतु माझ्याकडे आलेला मनुष्य सुटला तो कायद्यामुळे नव्हे. फिर्यादीत मला लिहावे लागले असते की मी अमुक विद्यापीठाचा पदवीधर, मोडीचा जाणकार, इतकी वर्षे महाविद्यालयात शिकवतो, आणि १६४६ च्या कागदात छत्रपती हा शब्द पाहूनही मी पैसे मोजले. ते वाक्य लिहिण्यास माझा हात तयार नव्हता. घरीसुद्धा मी ते पैसे ग्रंथखरेदीत गेले असे सांगितले. म्हणजे फसवणुकीच्या प्रकरणात खोटे बोलणारे आता दोघे झाले होते.

तीन वर्षांनी पलीकडच्या खोऱ्यातील एका ग्रंथालयात माझे व्याख्यान होते. ते संपल्यावर एक निवृत्त शिक्षक भेटावयास थांबले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद होता. तोच जुन्या वहीचा कागद, तेच अक्षर. त्यांस धनाचा लोभ नव्हता. त्यांच्या कागदात धनाचा उल्लेखच नव्हता. तोरणा घेताना महाराजांबरोबर जे मावळे होते त्यांत त्यांच्या एका पूर्वजाचे नाव त्या कागदात होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेपैकी साडेतीन लाख रुपये त्यांनी त्या 'दप्तरा'साठी दिले होते.

"गुरुजी," मी विचारले, "एवढी रक्कम देण्यापूर्वी कोणास दाखविलेत नाही?"

ते म्हणाले, "तो म्हणाला, पुण्याच्या प्राध्यापकांनी यांतलाच एक कागद घेतला आहे. आपले नाव सांगितले. आपल्या हाताची इसारपावती दाखविली. मग मी आणखी कोणास विचारणार?"

ती पावती मीच आग्रहाने दोन प्रतींत करून घेतली होती. व्यवहार चोख असावा म्हणून.

रत्नागिरीच्या सुभेदाराविषयी मी वर जे लिहिले आहे ते त्या संध्याकाळनंतर सुचलेले आहे. तोपर्यंत परांजपे हा माझ्या दृष्टीने इतिहासातला एक लबाड किंवा भोळा अधिकारी होता. आता मला त्याच्याविषयी निश्चित काही बोलवत नाही.

मी गुरुजींस सर्व सांगितले. माझे पंचवीस हजार, तो छत्रपती शब्द, माझा तो खुलासा, आणि तीन वर्षांचे मौन, यांतले काहीही लपविले नाही. ते रागावतील असे वाटले होते. रागावले असते तर मला हलके वाटले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून फिर्याद दिली. तो गृहस्थ अद्याप सापडलेला नाही. तीन वर्षांपूर्वी दिलेल्या फिर्यादीस किती फळ आले असते, हा प्रश्न ठाण्यातील अंमलदाराने विचारला नाही, गुरुजींनीही विचारला नाही.

यंदाच्या मुक्कामात गुरुजी मला भेटावयास वेल्ह्यास आले. पाऊस कोसळत होता. कागद त्यांनी या वेळीही आणला होता, पाकिटावर दुसरे पाकीट घालून. चहा झाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. कागद आजचा आहे, शाई आजची आहे, हे त्यांस आता मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्या माणसाने मजकूर कोठून तरी उतरून घेतला असेल ना? सगळाच मजकूर तो कोठून रचणार?

"सर, निदान आमच्या घराण्याची ती एक ओळ तरी खरी असू शकेल?"

मी चष्मा पुसला आणि तो कागद उजेडाकडे धरून ती ओळ पुन्हा वाचू लागलो.